जुना कळफलक, नवी संगणकप्रणाली

विंडोज १० या संगणकप्रणालीचे नियमित समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि दुकानात मिळणारा विंडोजचा प्रत्येक नवा संगणक आता विंडोज ११ घेऊनच येत असल्यामुळे, वर्षानुवर्षे एकाच यंत्रावर एकाच मराठी सॉफ्टवेअरने टंकलेखन करणाऱ्यांपुढे एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहिला आहे. नागपूरच्या दक्षिण सीमेवरील बेसा, घोगली, पिपळा, बेलतरोडी या झपाट्याने वाढलेल्या वस्त्यांमध्ये घरबसल्या किंवा लहानशा दुकानातून अर्ज, प्रतिज्ञापत्रे, विक्रीपत्रांचे मसुदे, शोधप्रबंध आणि लग्नपत्रिका टंकलिखित करून देण्याचा व्यवसाय चालतो. सिव्हिल लाइन्समधील उच्च न्यायालयाच्या खंडपीठापासून विद्यापीठाच्या विभागांपर्यंत अनेक ठिकाणचे मराठी कागद अशाच हातांखालून गेलेले असतात. या हातांना सवय असते ती आयएसएम, श्रीलिपी, आकृती यांसारख्या सॉफ्टवेअरची, आणि त्यांच्या ज्या आवृत्त्या वापरात आहेत त्यांपैकी कित्येक विंडोज एक्सपी किंवा विंडोज ७ च्या काळातल्या आहेत. निर्मात्याने नव्या प्रणालीवर ज्याची चाचणी घेतलेली नाही आणि ज्याच्या बिघाडाची जबाबदारी तो घेत नाही, अशा सॉफ्टवेअरला असमर्थित म्हणतात. असमर्थित म्हणजे निकामी असे मात्र नव्हे, कारण अशी पुष्कळ सॉफ्टवेअर थोड्या खटपटीने चालतात. जी चालत नाहीत, ती का चालत नाहीत हे कळले तर पर्यायही नेमका निवडता येतो.

या प्रश्नाचा उलगडा होण्यासाठी तीन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात. पहिली म्हणजे कळफलकाचा आराखडा, म्हणजे कोणत्या कळीवर कोणते अक्षर आहे याची मांडणी. ही मांडणी बोटांत मुरलेली असते आणि तिला कोणत्याही प्रणालीशी कर्तव्य नसते. दुसरी म्हणजे तो आराखडा संगणकापर्यंत पोहोचवणारे वाहक सॉफ्टवेअर, आणि तिसरी म्हणजे संकेतन, म्हणजे उमटलेले अक्षर धारिकेत ज्या अंकाच्या रूपाने साठवले जाते ती पद्धत. सर्वसाधारण वापरकर्ता या तिन्हींना मिळून ‘आपला फॉन्ट’ म्हणतो आणि नव्या संगणकावर तो ‘फॉन्ट चालत नाही’ अशी तक्रार करतो, तेव्हा बिघाड बहुधा या तिन्हींपैकी एकाच ठिकाणी असतो. शक्य तेथे आराखडा जपावा, वाहक सॉफ्टवेअर बदलावे आणि संकेतन एकदाचे युनिकोड या सर्व लिप्यांच्या सामायिक मानकावर आणावे, हे या लेखाचे मत आहे. पण प्रत्येकाला ते एका दिवसात जमण्यासारखे नसल्याने जुने सॉफ्टवेअर तात्पुरते चालते करण्याचे मार्गही येथे तितक्याच तपशिलाने दिले आहेत.

हा गुंता कसा निर्माण झाला, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. मराठी टंकयंत्रावरील आराखडा, ज्याला संगणकाच्या काळातही रेमिंग्टन किंवा टाइपरायटर आराखडा म्हटले जाते, यंत्राच्या मर्यादेतून घडला होता: अर्धे अक्षर आधी उमटवायचे आणि काना देऊन ते पूर्ण करायचे, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी द्यायची आणि रफार अक्षर झाल्यावर वर चढवायचा. १९८० च्या दशकात केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने सर्व भारतीय लिप्यांना समान असा इन्स्क्रिप्ट आराखडा पुढे आणला. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने आधी संगणकात बसवण्याच्या जिस्ट कार्डाच्या आणि पुढे आयएसएम या सॉफ्टवेअरच्या रूपाने भारतीय लिप्या संगणकावर आणल्या. आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने इस्की हे संकेतन मानक म्हणून स्वीकारले. छपाईच्या व्यवसायाने मात्र वेगळी वाट धरली. पेजमेकरसारख्या रोमन अक्षरांसाठीच बनलेल्या मांडणी-सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी उमटावी म्हणून फॉन्ट बनवणाऱ्यांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवले, आणि प्रत्येक कंपनीने ते आपापल्या क्रमाने बसवले. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्येच निघाली होती, पण विंडोजमध्ये देवनागरीचा अंगभूत आधार विंडोज २००० पासून आला. तोपर्यंत महाराष्ट्रातील छापखाने, वृत्तपत्रे आणि कार्यालये यांच्याकडे लाखो पाने अशा आकार-संकेतनात साठली होती. आजची अडचण ही १९९० च्या दशकाचे देणे आहे, आणि तीत निर्मात्यांचा दोष शोधण्यापेक्षा त्यांनी त्या काळी उपलब्ध साधनांतून मराठी छपाई शक्य केली हे मान्य करणे अधिक न्याय्य ठरेल.

काहीही काढण्यापूर्वी किंवा बसवण्यापूर्वी आपल्याकडे नेमके काय आहे ते तपासावे. जुन्या संगणकावर वर्डमध्ये एका कोऱ्या ओळीवर एकच मराठी अक्षर टंकित करून, कर्सर त्याच्या लगेच पुढे ठेवून आल्ट आणि एक्स या कळा एकत्र दाबल्या, तर त्या अक्षराचा संकेतांक दिसतो. तो ०९ ने सुरू होत असेल, जसे ‘क’साठी ०९१५, तर मजकूर युनिकोडमध्ये आहे, कारण युनिकोडमधील देवनागरीचा मुख्य विभाग ०९०० ते ०९७एफ असा आहे; संकेतांक ०० किंवा एफ० ने सुरू होत असेल, तर मजकूर आकार-संकेतनात आहे आणि दिसणारे मराठी केवळ त्या एका फॉन्टच्या कृपेवर उभे आहे. हीच गोष्ट मजकुराचा फॉन्ट बदलून एरियल केल्यानेही कळते: युनिकोड मजकूर मराठीच राहतो, आकार-संकेतनातील मजकूर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा कालवा होऊन बसतो.

वाहक सॉफ्टवेअरची जात ओळखणे थोडे अधिक सूक्ष्म आहे. विंडोज कळ आणि स्पेसबार दाबल्यावर उघडणाऱ्या यादीत त्याचे नाव येत असेल, तर ते एक तर साधा कळफलक-आराखडा आहे, म्हणजे कोणत्या कळीला कोणते अक्षर याचा तक्ता असलेली प्रणालीने स्वतः वापरायची लहानशी धारिका, किंवा निवेश-पद्धती आहे, म्हणजे टंकित होत असलेल्या मजकुरावर नियम लावून तो बदलणारे सॉफ्टवेअर. नाव त्या यादीत नसून पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात घड्याळाशेजारी त्याचे चिन्ह दिसत असेल आणि ते बंद केल्यास मराठी उमटणे थांबत असेल, तर ते कळा अडवणारे सॉफ्टवेअर आहे: वापरकर्त्याने दाबलेली कळ मधल्या मध्ये पकडून तिच्या जागी दुसरेच संकेत ते पुढे पाठवते. जुनी मराठी सॉफ्टवेअर बहुतांशी या तिसऱ्या जातीची आहेत आणि नव्या प्रणालीवर सर्वाधिक अडचणी याच जातीला येतात.

जुना संगणक चालू स्थितीत आहे तोवर काही गोष्टी बाह्य डिस्कवर घेऊन ठेवाव्यात: सॉफ्टवेअरची मूळ स्थापना-धारिका किंवा सीडीची प्रत, परवान्याचा क्रमांक, वापरातील सर्व फॉन्ट आणि नेहमीच्या कामाच्या काही नमुना धारिका. प्रत्येक नमुन्याची पीडीएफही जुन्याच संगणकावर तयार करून ठेवावी, कारण पुढे रूपांतर झालेला मजकूर बरोबर आहे की नाही हे ठरवायला तीच विश्वासार्ह साक्ष असते. आराखड्याचे चित्र, म्हणजे साधी, शिफ्टसह आणि आल्टसह प्रत्येक कळ काय उमटवते याचा तक्ता, छापून ठेवावा. वीस वर्षे टंकलेखन केलेल्या व्यक्तीलाही ‘ज्ञ’ कोणत्या कळीवर आहे असे विचारले तर बोट सांगते, तोंड सांगत नाही.

स्थापना करतानाच अडथळा येत असेल, तर त्याची कारणे मोजकी असतात. विंडोज ११ ची केवळ ६४ बिटांची आवृत्ती आहे आणि ६४ बिटांच्या विंडोजवर १६ बिटांची सॉफ्टवेअर चालत नाहीत. १९९० च्या दशकातील कित्येक सॉफ्टवेअर स्वतः ३२ बिटांची असली तरी त्यांची स्थापना-धारिका १६ बिटांची असते, आणि तिच्यावर क्लिक केले की हे ॲप या संगणकावर चालणार नाही एवढाच संदेश येतो. अशा वेळी त्याच सॉफ्टवेअरची नंतरची आवृत्ती निर्मात्याकडे मागणे हाच सरळ उपाय आहे. दुसरे कारण डॉटनेट फ्रेमवर्क ३.५ या आधारभूत संचाचे. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या इंडिक इनपुटसह अनेक साधने त्यावर अवलंबून आहेत, आणि विंडोज ११ मध्ये तो आपोआप चालू नसतो. शोधपट्टीत ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’ शोधून उघडणाऱ्या यादीत त्यावर खूण केली आणि इंटरनेट जोडलेले असले की तो बसतो. तिसरे कारण लेखनाधिकाराचे आहे. जुनी सॉफ्टवेअर स्वतःच्याच फोल्डरमध्ये सेटिंग लिहून ठेवत आणि व्हिस्टापासून प्रोग्रॅम फाइल्स या फोल्डरमध्ये तसे लिहिण्यावर बंधन आले. म्हणून असे सॉफ्टवेअर सी ड्राइव्हवर स्वतंत्र फोल्डर करून त्यात बसवल्यास पुष्कळ विचित्र चुका मुळातच टळतात.

कम्पॅटिबिलिटी मोड, म्हणजे सुसंगतता-स्थिती, हा उपाय सर्वांच्या तोंडी असतो, पण त्याची मर्यादा क्वचितच सांगितली जाते. सॉफ्टवेअरच्या चिन्हावर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज आणि त्यातील कम्पॅटिबिलिटी या भागात विंडोज ७ किंवा एक्सपी निवडले, की प्रणाली त्या सॉफ्टवेअरला आपण जुनीच आवृत्ती असल्याचे भासवते आणि काही वागणुकी जुन्यासारख्या करते. केवळ आवृत्तीचा क्रमांक पाहून चालायला नकार देणारे सॉफ्टवेअर यामुळे चालू लागते. १६ बिटांचे सॉफ्टवेअर किंवा ३२ बिटांचा ड्रायव्हर, म्हणजे उपकरण ओळखण्यासाठी लागणारा भाग, मात्र या स्थितीने कधीच चालू होत नाही. तरीही पहिला प्रयोग म्हणून तो करून पाहावा, कारण त्याला काही खर्च नाही आणि तो मागे घेता येतो.

सर्वाधिक चकवणारा प्रसंग असतो तो सॉफ्टवेअर बसल्यानंतरचा: ते नोटपॅडमध्ये मराठी उमटवते, वर्डमध्ये उमटवत नाही. याचे एक कारण असे की कळा अडवण्याची एक जुनी पद्धत आपला तुकडा समोरच्या सॉफ्टवेअरच्या आत नेऊन बसवते आणि ३२ बिटांचा तुकडा ६४ बिटांच्या सॉफ्टवेअरमध्ये शिरू शकत नाही. ऑफिस २०१९ पासून मायक्रोसॉफ्ट ऑफिस मुळातच ६४ बिटांचे बसते; त्यापूर्वी ते ६४ बिटांच्या विंडोजवरही बहुधा ३२ बिटांचेच असे, आणि म्हणूनच हीच अडचण विंडोज ७ वर जाणवली नव्हती. वर्डमध्ये फाइल, अकाउंट आणि अबाउट वर्ड येथे बिटांची नोंद दिसते. तेथे ६४ असेल, तर ऑफिस काढून त्याच परवान्यावर ३२ बिटांचे ऑफिस बसवता येते, आणि पत्रे व दाव्यांचे मसुदे यांसाठी त्याने काहीही उणे पडत नाही. दुसरे कारण अधिकारांचे आहे. व्हिस्टापासून विंडोजने असा नियम केला की कमी अधिकाराने चालणारे सॉफ्टवेअर जास्त अधिकाराने चालणाऱ्या खिडकीला कळा पाठवू शकत नाही. मांडणीचे सॉफ्टवेअर ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडले आणि मराठी सॉफ्टवेअर साधेच उघडले, तर मराठी उमटणार नाही. दोन्ही एकाच पातळीवर, शक्यतो साध्या पातळीवर चालवावीत.

फॉन्टबाबत एक तपशील असाच सहज निसटतो. विंडोज १० च्या २०१८ मधील १८०९ या आवृत्तीपासून फॉन्ट बसवताना साधे ‘इन्स्टॉल’ निवडल्यास तो केवळ त्या वापरकर्त्यापुरता, त्याच्या खासगी फोल्डरमध्ये बसतो. जुनी सॉफ्टवेअर फॉन्ट शोधतात ते विंडोजच्या सामायिक फॉन्ट-फोल्डरमध्ये, आणि तेथे तो नसल्यामुळे यादीत दिसत नाही. फॉन्टवर उजवी क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स’ निवडणे एवढेच करावे लागते. तसेच मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेत प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल हा फॉन्ट अनेक वर्षे विंडोजचा देवनागरीचा मुख्य फॉन्ट होता. पुढे त्याची जागा निर्मला यूआयने घेतली आणि विंडोज १० पासून मंगल हा देवनागरीच्या पूरक फॉन्टांच्या ऐच्छिक संचात गेला. मंगलमध्ये केलेला जुना अर्ज नव्या संगणकावर ओळी सरकलेल्या अवस्थेत उघडत असेल, तर सेटिंग्जमधील ऑप्शनल फीचर्समधून हा संच बसवावा. मंगल कोठून तरी उतरवून घेण्याची गरज नाही.

छपाईच्या व्यवसायातील जुन्या सॉफ्टवेअरसोबत बहुधा लॉक येते, म्हणजे संगणकाला जोडायचे असे लहान उपकरण, ज्याच्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही. हे उपकरण ओळखण्यासाठी ड्रायव्हर लागतो, आणि ड्रायव्हर हा प्रणालीच्या गाभ्यात चालणारा भाग असल्यामुळे तो ६४ बिटांचाच आणि योग्य अंकीय स्वाक्षरी असलेलाच असावा लागतो. सॉफ्टवेअरच्या सीडीतला मूळ ड्रायव्हर या अटीत बहुधा बसत नाही. पण यांतील पुष्कळ लॉक हास्प या जातीचे आहेत, आणि अलादीन या कंपनीकडून सेफनेट व जेमाल्टोमार्गे आता थालेसकडे आलेल्या या उपकरणांसाठी नवे ड्रायव्हर त्या कंपनीकडून मिळतात. लॉकवरील नाव वाचून, लॉक काढून ठेवून, आधी नवा ड्रायव्हर बसवावा आणि मगच लॉक जोडावे. समांतर पोर्टला लावायची फार जुनी लॉक मात्र केवळ यूएसबीची जोडतार लावून चालत नाहीत. निर्मात्याकडून यूएसबी लॉक बदलून घेणे हाच तेथे मार्ग आहे.

ड्रायव्हर तरीही अडत असेल, तर विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी आणि कोअर आयसोलेशन या क्रमाने जाऊन मेमरी इंटेग्रिटी हे संरक्षण कोणता ड्रायव्हर विसंगत ठरवते ते पाहता येते. ते संरक्षण बंद करून काम चालते, हे खरे. पण ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार होतात आणि पक्षकारांची आधारकार्डे येऊन पडतात, त्यावर असे करू नये. लॉकशिवाय चालणारी म्हणून पेनड्राइव्हवरून फिरणारी सॉफ्टवेअर तर मुळीच घेऊ नयेत: कळा अडवणे हेच ज्याचे काम आहे, त्याची अनोळखी माणसाने फेरफार केलेली प्रत बसवणे म्हणजे प्रत्येक पासवर्ड त्याच्या हाती देण्याची सोय करणे होय. गूगल इनपुट टूल्सची इंटरनेटशिवाय चालणारी विंडोज आवृत्ती गूगलने २०१८ मध्ये देणे बंद केले, तरी तिच्या प्रती ठिकठिकाणी दिल्या जातात. त्यांनाही हाच इशारा लागू आहे, शिवाय त्यांची गरजही उरलेली नाही.

गरज उरलेली नाही, कारण रोमन अक्षरांतून मराठी टंकित करण्याची सोय विंडोजमध्येच मे २०१९ च्या अद्ययावत आवृत्तीपासून आली आहे. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, नंतर लँग्वेज अँड रीजन येथे मराठी भाषा जोडावी, तिच्या पर्यायांत ‘ॲड अ कीबोर्ड’ निवडावे आणि तेथे मराठी फोनेटिक घ्यावा. इन्स्क्रिप्ट वापरणाऱ्यांना तर काहीच बसवावे लागत नाही, कारण मराठी भाषा जोडताच तो आराखडा येतो. नव्याने टंकलेखन शिकणाऱ्याने इन्स्क्रिप्टच शिकावा असे स्पष्टपणे म्हणता येते: डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजने अशी त्याची रचना असून तो विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींत अंगभूत आहे, त्यामुळे प्रणाली बदलली तरी टंकलेखकाचे काही अडत नाही. परंतु टंकयंत्रावर मिनिटाला ४० शब्दांची परीक्षा देऊन आयुष्यभर त्याच आराखड्यावर पोट भरलेल्या व्यक्तीला पन्नाशीनंतर इन्स्क्रिप्ट शिकण्याचा सल्ला देणे व्यवहार्य नाही, आणि न्याय्यही नाही.

अशा व्यक्तीसाठी रेमिंग्टन आराखडाच नव्या वाहकावर बसवावा लागतो, आणि येथे एक तांत्रिक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. मायक्रोसॉफ्टचे कीबोर्ड लेआउट क्रिएटर हे विनामूल्य साधन, ज्याची १.४ ही आवृत्ती डॉटनेट ३.५ बसवल्यावर आजही वापरता येते, कळांचा तक्ता भरून साधा आराखडा तयार करून देते. एखाद्या कळीवर अनेक वर्णांची मालिकाही त्यात ठेवता येते, त्यामुळे ‘ज्ञ’ किंवा ‘क्ष’ एका कळीवर बसतात. पण असा आराखडा मागे वळून पाहू शकत नाही. युनिकोड मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठवतो, म्हणजे ‘कि’मध्ये आधी क आणि नंतर वेलांटी, तर टंकयंत्राच्या सवयीत वेलांटी आधी पडते; ‘वर्धा’मध्ये युनिकोडला आधी र्, मग ध आणि मग काना लागतो, तर टंकलेखकाचा हात रफार शेवटी देतो; आणि काना दिल्यावर अर्धा ग पूर्ण व्हायचा, तर आधी उमटलेले हलन्त चिन्ह पुसावे लागते. हा क्रम उलटण्याचे काम साधा तक्ता करू शकत नाही. त्यातील मृत कळ, म्हणजे पुढच्या कळीची वाट पाहणारी कळ, वापरून पाहण्याचा मोह होतो. पण मृत कळीतून एकच वर्ण बाहेर पडतो, आणि ‘कि’ला तर दोन लागतात. म्हणून या साधनाने रेमिंग्टनचा आराखडा करण्याचे प्रयत्न वेलांटीपाशी अडतात, आणि इन्स्क्रिप्टमध्ये आपल्या सोयीचे चार बदल करण्यापुरतेच हे साधन उपयोगी ठरते.

रेमिंग्टनसाठी निवेश-पद्धतीच लागते. सी-डॅकच्या आणि इतरांच्या नव्या आवृत्त्या टाइपरायटर आराखड्यावरून युनिकोड उमटवतात. ज्यांच्याकडे जुन्या आवृत्तीचा परवाना आहे त्यांनी प्रथम निर्मात्याकडे अद्ययावत प्रतीची चौकशी करावी. ती परवडणारी नसेल, तर कीमन हे सॉफ्टवेअर पाहावे. एसआयएल या संस्थेकडून ते विनामूल्य मिळते, त्याचा स्रोत खुला आहे आणि ते विंडोज ११ वर चालते. कीमनच्या संग्रहात आपल्या भाषेचे आराखडे शोधता येतात, आणि हवा तसा न मिळाल्यास कीमन डेव्हलपर या सोबतच्या साधनात नियम लिहून स्वतःचा आराखडा करता येतो. नियमाचे स्वरूप सोपे असते: आधी अमुक वर्ण असताना अमुक कळ दाबली तर त्यांच्या जागी तमुक वर्ण ठेवावेत. ‘ग्’ असताना कान्याची कळ आली तर ‘ग’ ठेवावा, वेलांटी प्रतीक्षेत असताना व्यंजन आले तर व्यंजनानंतर वेलांटी ठेवावी, असे काही डझन नियम लिहिले की टंकलेखकाच्या हाताला फरक जाणवत नाही. हे काम टंकलेखकाने स्वतः करण्याचे नाही. पण नागपूरच्या मिहान औद्योगिक परिसरात किंवा अन्यत्र संगणकाच्या नोकरीला असलेल्या घरातल्या एखाद्या तरुणाला छापून ठेवलेला आराखड्याचा तक्ता दिला, तर काही सुट्ट्यांत होण्यासारखे आहे, आणि एकदा केलेली धारिका वस्तीतल्या सर्वांना वाटता येते. लिनक्सवर आयबस आणि एम१७एन यांच्यासोबत मराठीचे अनेक आराखडे येतात. मॅकवर २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून ३२ बिटांची सॉफ्टवेअर पूर्ण बंद झाल्याने तेथे जुने चालवण्याचा विचारच सोडावा. स्नॅपड्रॅगनसारख्या एआरएम प्रक्रियकाचे लॅपटॉप दिसायला आणि बॅटरीला उत्तम असले, तरी लॉक आणि जुना ड्रायव्हर यांवर काम अवलंबून असलेल्याने ते घेऊ नयेत.

आराखडा आणि वाहक यांची व्यवस्था लागल्यानंतर संकेतनाचा प्रश्न उरतो. जुन्या धारिकांचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने मिळतात, पण प्रत्येक फॉन्ट-कुटुंबाचा आकारक्रम वेगळा असल्याने रूपांतरकही नेमक्या त्याच कुटुंबाचा लागतो. श्रीलिपीचा मजकूर आकृतीच्या तक्त्यातून काढला, तर जे हाती येते ते मराठीसारखे दिसते आणि मराठी नसते. मजकुरात मधूनमधून इंग्रजी असेल, तर संपूर्ण धारिका एकदम रूपांतरित केल्यास इंग्रजी शब्दांचेही देवनागरी होते, म्हणून फॉन्टनिहाय तुकडे पाडून रूपांतर करावे. तपासणीसाठी अवघड शब्दांची यादी हाताशी ठेवावी: ‘निर्मिती’ आणि ‘वर्ध्याच्या’ यांत वेलांटी व रफार योग्य जागी आहेत का, ‘कर्तृत्व’ शाबूत आहे का, ‘दुसऱ्या’ आणि ‘तऱ्हा’ यांतला अर्धा ऱ रफार होऊन बसला नाही ना, ‘ॲड.’ आणि ‘ऑक्टोबर’ यांतली अर्धचंद्र चिन्हे टिकली का. शेवटच्या शब्दांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण ॲ हा स्वतंत्र वर्ण युनिकोडमध्ये २००८ मध्ये आला आणि त्यापूर्वीची साधने अ आणि अर्धचंद्र असे दोन वर्ण जोडून तो लिहीत. दिसायला दोन्ही जवळपास सारखे, पण संगणकाच्या लेखी भिन्न, त्यामुळे पक्षकाराचे नाव शोधले असता निम्म्या ठिकाणी सापडतच नाही. आकडे आणि अवतरणचिन्हे यांच्या जागाही फॉन्टागणिक बदलत असल्याने सर्व्हे क्रमांक, क्षेत्रफळ आणि रकमा पीडीएफशी ताडून पाहिल्याशिवाय रूपांतरित विक्रीपत्र कोणाच्या हाती देऊ नये.

पेजमेकरची शेवटची ७ ही आवृत्ती २००१ ची असून तिला युनिकोड कळत नाही, त्यामुळे त्या धारिकांसाठी पेजमेकरमध्ये युनिकोडची वाट नाही. इनडिझाइन या नंतरच्या मांडणी-सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांचा आधार २०१२ च्या सीएस६ पासून आला. त्यात परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडला नाही, तर वेलांट्या सुटून बाजूला पडतात आणि दोष विनाकारण फॉन्टला दिला जातो. जुन्या पत्रिकांसाठी टाइप १ जातीचे फॉन्ट वापरले गेले असतील, तर अडोबीने जानेवारी २०२३ मध्ये त्यांचा आधार काढून घेतल्याने नव्या इनडिझाइनमध्ये ते दिसतही नाहीत.

ज्या जुन्या धारिका अधूनमधूनच उघडायच्या आहेत, त्यांच्यासाठी सर्वांत शांत उपाय आभासी यंत्राचा आहे, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरच्या रूपाने चालणाऱ्या दुसऱ्या संगणकाचा. ओरॅकलचे व्हर्च्युअलबॉक्स विनामूल्य आहे आणि विंडोज ११ च्या होम आवृत्तीवरही चालते. त्यात ३२ बिटांची विंडोज ७ किंवा एक्सपी, तिचा वैध परवाना असल्यास, बसवावी, यूएसबी लॉक आतल्या यंत्राकडे वळवावे, आणि आतल्या यंत्राचे नेटवर्क सेटिंगमध्ये बंद ठेवावे, कारण या जुन्या प्रणालींना सुरक्षा-दुरुस्त्या मिळणे कधीच थांबले आहे. धारिकांची देवाणघेवाण सामायिक फोल्डरमधून होते. ३२ बिटांच्या विंडोजवर १६ बिटांची स्थापना-धारिकाही चालत असल्यामुळे अगदी जुन्या सॉफ्टवेअरलाही येथे जागा मिळते. असे यंत्र एकदा नीट उभे राहिले की त्याचे संपूर्ण फोल्डर बाह्य डिस्कवर नकलून ठेवावे. पुढचा संगणक घेताना तेवढेच उचलून न्यायचे असते. जुना संगणकच जपून ठेवणे हाही मार्ग आहे, पण त्याची डिस्क कधी बंद पडेल याचा भरवसा नसतो.

नव्या व्यवस्थेत रोजचे काम सुरू करताना दोन सेटिंग लावून घ्यावीत. टायपिंगमधील ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्जमध्ये प्रत्येक खिडकीसाठी वेगळी निवेश-पद्धती ठेवण्याचा पर्याय आहे. तो चालू केला की वर्डमध्ये मराठी आणि ब्राउझरमध्ये इंग्रजी असे आपोआप राहते आणि सतत अदलाबदल करावी लागत नाही. आणि यादी आटोपशीर करण्याच्या भरात इंग्रजी कळफलक काढून टाकू नये, कारण संगणक सुरू होताना पासवर्ड विचारला जातो त्या पडद्यावर मराठी आराखडा निवडलेला असला, तर बरोबर कळा दाबूनही पासवर्ड चुकीचा ठरतो. तसे झाल्यास त्याच पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातील भाषेच्या चिन्हावरून आधी इंग्रजी निवडावे आणि मग पासवर्ड द्यावा.